चौथ्या पानावरचं वाक्य

वाहकाने एसटीच्या दारातूनच पेपरचा गठ्ठा खाली दिला. देवीलालने सुतळी कापली न कापली तोच साधनाने वरचा अंक ओढून घेतला. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्या पानावर तिचा हात थांबला.

‘औषध विकता, मग डबाही परत घ्या.’ त्याखाली बारीक अक्षरांत : साधना मुनेश्वर, फुलसावंगी.

दुसऱ्याच कुणाचं असावं तसं तिने ते नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“आलं काय?” देवीलालने विचारलं. त्याच्या दुकानात पेपर मिळत आणि गावाचे निरोप ज्यावर येत तो फोनही तिथेच होता. गेले चार रविवार ती येऊन नुसती पानं उलटून जात होती, ते त्याने पाहिलं होतं.

“आलं,” ती म्हणाली. “मले तीन द्या. नाही, पाच द्या.”

दोन-तीन वर्षांपासून जिल्ह्यात बाहेरचे पत्रकार येत होते. कापसाचे फोटो निघत, शेतकऱ्यांच्या मुलाखती होत, जीपगाड्या परत जात. वेचणाऱ्या बायकांना कुणी काही विचारत नव्हतं. साधना अंगणवाडीत शिकवायची, पण तिच्या घरातल्या आणि शेजारच्या बायका वेचणीला जायच्या. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यातच त्या प्यायचं पाणी वावरात नेत. तेवढंच तिने यवतमाळच्या पेपरला लिहून पाठवलं होतं, आणि विकणाऱ्यानेच रिकामा डबा परत घ्यावा अशी मागणी केली होती.

चौकातल्या खतं-औषधं विकणाऱ्या कृषी केंद्राजवळून जाताना तिने पदर सावरला. नंदकिशोरशेठ गल्ल्यावर तोच पेपर पसरून बसले होते.

“मॅडम, हे माझ्यावर लिहिलंय का?”

“तुमच्यावर नाही शेठ. सगळ्याच दुकानांवर हाय.”

त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग एक रिकामं खोकं त्यांनी पायाने पुढे सरकवलं. “रिकामे डबे या खोक्यात आणून टाकायला सांगा. पुढे कंपनी नेते की नाही, ते मी पाहतो.” आणि पेपरवर बोट ठेवून म्हणाले, “पण वाक्य जबरदस्त आहे. तुम्हाला सुचलं?”

साधनाने हसून होकारार्थी मान हलवली. रस्त्याला लागल्यावर तिला पळत सुटावंसं वाटत होतं.

वावरात बायका नुकत्याच भाकरी खायला बसल्या होत्या. कमरेच्या ओट्या सोडून बाजूला ठेवलेल्या, त्यातून कापूस बाहेर आलेला. साधनाची सासू सत्यभामा बांधाला टेकली होती. पेपर पाहून तिने तोंडातला घास घाईने गिळला.

“वाच वो पोरी. जोरानं वाच.”

साधना उभी राहून वाचू लागली. गल्लीतल्या उकंडाच्या पोरीला वावरात असल्याच डब्यातलं पाणी पिऊन ओकाऱ्या झाल्या होत्या, ते आलं तेव्हा बायकांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या कोकिळेने जवळचा पाण्याचा डबा उचलला, त्याचा वास घेतला आणि दूर सरकवला. साधनाचा आवाज चढत गेला. “दुकानदार म्हणतात, आमचं काम विकायचं. आमचं म्हणणं एवढंच, औषध विकता...”

“...मंग डबाही वापस घ्या,” सत्यभामाने पुढचं म्हणून टाकलं.

कोकिळा तिच्याकडे वळली. “मामी, तुमाले कसं मालूम पुढं काय हाय ते?”

“मीच त म्हटलं होतं. उकंडाची पोरगी दवाखान्यातून आली, त्या दिशी. चुलीपाशी बसून म्हटलं.”

“मंग तुमचं नाव काहून नाही त्याच्यात?”

कोकिळेने ते सहज विचारलं होतं. साधनाच्या हातात पेपर तसाच राहिला. तिला तो दिवस स्पष्ट आठवला : सासू बोलत होती, आणि ती वहीत भराभर उतरवून घेत होती.

“माह्यं नाव कायले?” सत्यभामा म्हणाली. “मले लिवता येते काय? तू वाच वो. थांबली काहून?”

साधनाने उरलेलं वाचलं. बायकांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. जाताना कोकिळेने तो डबा उपडा करून सगळं पाणी मातीत ओतलं.

परतताना देवीलालने तिला दुकानातूनच हाक मारली. यवतमाळहून फोन आला होता. संपादक म्हणाले होते, सकाळपासून वाचकांचे फोन येताहेत, पुढच्या रविवारसाठी आणखी एक लेख द्या, कापूस वेचणाऱ्यांवरच द्या.

“पुढच्याच रविवारी?”

“असंच म्हनत होते. मोठ्या लेखिका झाल्या आता तुम्ही.”

तिचा ऊर भरून आला. घरापर्यंतचा रस्ता मात्र ती नेहमीपेक्षा सावकाश चालली.

दिवेलागणीला सत्यभामा हातपाय धुऊन अंगणात बसली, बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांना तेल लावत. साधना वही घेऊन तिच्या शेजारी टेकली.

“आत्याबाई, आणखी एक लेख मागतला त्यायनं. वेचणीवर. तुमाले काय वाटते ते सांगा.”

सत्यभामा लगेच सुरू झाली. “लिव. वेचनारीची पाठ कोनी पाह्यली...”

“थांबा.” साधनाने कोऱ्या पानावर सगळ्यात वर काहीतरी लिहिलं.

“काय लिवलं? मी त अजून बोललीच नाही.”

“तुमचं नाव. सत्यभामा मुनेश्वर. याच्याखाली माह्यं. दोन्ही छापा म्हणून सांगतो त्यायले.”

सत्यभामाने वही आपल्या मांडीवर ओढून घेतली. तेलाचं बोट लागू नये म्हणून अक्षरांपासून हात लांब धरून ती बराच वेळ पाहत राहिली. मग वही परत दिली.

“पेपरात येईन हे? गावात सारे वाचतीन?”

“हो.”

“मंग थांब जराशी,” ती म्हणाली. “आता सोचून बोला लागन.”