दुसरा साक्षीदार

मामा गेल्याच्या पाचव्या दिवशी, भर दुपारी, चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. मी मागच्या खोलीत त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होते. पुढे दुकानात जाऊन पाहिलं तर बटण बंद, चाक जागच्या जागी, पण ओल्या काचेचा वास सगळीकडे भरलेला. मग शीळ ऐकू आली. काम मनासारखं झालं की मामा घालायचा तीच, मधेच दम कमी पडणारी.

मला भीती वाटली नाही, राग आला. कारण मामा खुशीत होता.

पुढे दुकान आणि मागे राहायची एक खोली, एवढीच मामाची इस्टेट. माझी आई गेली तेव्हा त्याने मला इथे आणलं. मी नऊ वर्षांची होते, आता चाळिशी उलटली. त्याचा मुलगा वीस वर्षांपूर्वी भांडून गेला तो गेलाच. दुकानातल्या काचा मी घासायचे आणि म्हाताऱ्याचे पायही मीच चेपायचे. मृत्युपत्र कर म्हणून दहा वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडले.

"अगं ठकी, ते बंगलेवाल्यांचं काम," तो म्हणायचा. "माझ्या दोन खोल्यांचं कसलं आलंय मृत्युपत्र? हे तुझंच आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"गल्ली काय लिहून देणार आहे का? बंगलेवाल्यांचा एक गेला तर दुसरा असतो. मला दुसरं काय आहे, मामा?"

तो हसायचा आणि गिऱ्हाइकाचा चष्मा पुसायला घ्यायचा. वर्षातून एकदा आमचं हे भांडण ठरलेलं.

मग त्याच्या छातीत पाणी झालं आणि त्याने आपणहून कागद मागितला. दुकान आणि खोली ठकीला, असं एका पानात स्वतःच्या हाताने लिहिलं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. साक्षीदार दोन लागतात. शेजारचा शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून आला आणि सही करून गेला. दुसरे यायचे होते ते मास्तर शाळेत अडकले. उद्या येतो, असा त्यांचा निरोप आला. मामाला धाप लागली होती.

"उद्याचं कोणी पाहिलंय? तूच कर सही. घरचीच तर आहेस."

मी केली. ठसठशीत, पूर्ण नावानिशी. त्याने तो कागद दोनदा वाचला, उशीखाली ठेवला आणि महिन्याभरात पहिल्यांदा सलग झोपला. चौथ्या दिवशी गेला.

तो गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मी कागद वकीलबाईंकडे नेला. त्यांनी खाली माझं नाव पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो मीच बनवून दिलेला.

"ज्याला मिळायचंय त्यानेच साक्षीदार व्हायचं नसतं हो," त्या म्हणाल्या. "कागद खरा आहे, पण तुम्हाला दिलेलं तुम्हाला मिळणार नाही. ते आता मुलाकडे जाईल."

"मामाला काय हवं होतं ते तुम्हाला दिसतंय ना?"

"दिसतंय. मला दिसून उपयोग नाही. मास्तरांसाठी एक दिवस थांबला असता तरी चाललं असतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मला सही करायला मामानेच शिकवलं होतं.

मामेभाऊ आला. वाईट नाही तो. चहा घेतला, भिंतींवरून नजर फिरवली, माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं. "ताई, मला हे विकावंच लागेल. महिनाभर राहा तू." तो बोलत होता तेव्हा त्याच्या पाठीमागे मामा शीळ घालत होता. त्याला ऐकू येत नव्हतं.

महिनाभर रोज दुपारी यंत्र चालू. मी फ्रेमा खोक्यांत भरायचे आणि मामा माझ्या मागे उभा राहून समाधानाने श्वास सोडायचा, मानेला लागावा इतका जवळ. "आता कसली काळजी, ठकी," एवढंच तो म्हणायचा. आजाऱ्यापासून लपवतात तसं खरं काय ते मी त्याच्यापासून लपवायचे.

शेवटच्या दिवशी खोकी बांधून झाली होती. मामा म्हणाला, "यंदा दाराला रंग दे गं. तुझं दुकान, तुझ्या आवडीचा दे."

माझं डोकंच फिरलं.

"कसलं माझं दुकान? मी साक्षीदार झाले तिथेच सगळं गेलं, मामा. दहा वर्षं सांगत होते. दोन खोल्या, दोन खोल्या म्हणून टाळलंस आणि मरताना घाई केलीस. आजपासून मला राहायला जागा नाही."

शीळ मधेच तुटली. ओल्या काचेचा वास गेला. मग त्याच्या रिकाम्या खाटेकडून कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. पुन्हा घातल्याचा. पुन्हा उलगडल्याचा. खरा कागद तर वकीलबाईंच्या कपाटात होता.

"राहू दे मामा," मी म्हटलं. "माझं होईल काहीतरी. तू झोप."

तो थांबला नाही. घर गेलं ते मी सोसेन. पण त्याला मिळालेली एवढीशी झोप मीच मोडली, ते सोसत नाही. संध्याकाळी मामेभावाला किल्ली द्यायला दार ओढून घेतलं, तेव्हाही मामा आत बसून माझी सही वाचत होता.