दांड्याची जाळी

कटला काठाशी आला होता. सात-आठ किलोचा तरी असेल. बसची ड्रायव्हरकी संपल्यापासून राघोबा मंठाळच्या तळ्यावर गळ टाकून बसे, पण असला मासा त्याला दोनदाच लागला होता. त्यानं दांड्याची जाळी पाण्यात घातली, मासा आत घेतला, उचलला, आणि कडं दांड्याला जोडणारा प्लास्टिकचा तुकडा काडकन मोडला. कड्यासकट मासा खाली पडला नि एका झटक्यात गळाचा तंगूस तोडून गेला.

वर्षातली ही तिसरी जाळी. दुसऱ्या दिवशी मोडका दांडा घेऊन त्यानं गुलबर्गा गाठलं. तिथं किरणकुमारचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं.

"ही घ्या काका, घडी होतीय. पिशवीत मावती," किरणकुमार म्हणाला.

"घडीचीच मोडली की."

राघोबा शेजारच्या किराणा दुकानातून तुरीच्या डाळीची पाच किलोची पिशवी घेऊन आला आणि ती एकेका जाळीत टाकून उचलू लागला. पहिलीचं कडं वाकलं. दुसरीचा दांडा आतल्या आत सरकला. तिसरी इतकी उथळ की पिशवी घरंगळून खाली आली.

"काका, मासा धरायलाव का डाळ तोलायलाव?"

"डाळ तर गप पडून ऱ्हाती. मासा उड्या मारतो. जिला डाळ पेलंना, ती मासा काय पेलणार? तुम्ही स्वतः कोणती वापरता?"

किरणकुमार जरा घुटमळला. "माझी वेल्डरकडून करून घेतलेली हाय."

"मग हे आधी कामून सांगितलं न्हाई? दोन जाळ्या तुमच्याच दुकानातून नेल्या मी."

"तुम्ही इचारलंच न्हाई."

राघोबाच्या तोंडाशी शिवी आली होती. ती गिळून, डाळ काखेत मारून तो बाहेर पडला.

राजेश्वर गावच्या जगदेवप्पा वेल्डरनं कडं लोखंडी सळईचं केलं, पण फारच लहान. राघोबानं ते तिथंच परत तोडायला लावलं. "मोठा मासा आडवा मावला पायजे, अप्पा," तो पुनःपुन्हा सांगत राहिला. जगदेवप्पा वैतागला, पण त्यानं केलं. घरी बायकोनं, भागाबाईनं, कड्याला मऊ, बिनगाठीची जाळी शिवली. चांगली खोल, म्हणजे आत गेलेल्या माशाला उसळी मारता येणार नाही.

मग तीन आठवडे गळाला काहीच लागलं नाही.

चौथ्या आठवड्यात चार किलोचा रोहू लागला. राघोबानं जाळी उचलली नाही, पाण्यातूनच काठाकडं ओढली. कडं वाकलं नाही, जोड हलला नाही. मासा चिखलात आपटत राहिला आणि राघोबा त्याच्याजवळ मटकन बसला. आनंद व्हायच्या आधी त्याला रागच आला. एवढं साधं काम, आणि त्यापायी आख्खं वर्ष गेलं होतं.