आठ इंची लाल

व्हर्ना डुडेकने बेकरीसमोर गाडी थांबवली, घड्याळात पाहिलं आणि मागे वळसा घेऊन पुन्हा त्याच रस्त्याला लागली. सात वाजून अडतीस मिनिटं झाली होती. ही तिसरी फेरी. कॉस्टर रस्ता सरळ पूर्वेला, सरोवराकडे जातो, आणि ऑक्टोबरच्या त्या दिवसांत सूर्य बरोबर त्याच्या टोकाशी वर येतो. तिने काचेवरची झडप खाली ओढली, डोळे बारीक केले. चौक जवळ आला. खांब दिसला, खांबावरची सिग्नलची पेटी दिसली. पण तिच्यातला कुठला दिवा लागलाय, ते काही केल्या कळेना. आडव्या रस्त्यावरून भोंगा वाजला तेव्हा तिने ब्रेकवर पाय दाबला. रांगत चालली होती म्हणून बरं. दिवा लाल होता.

नऊ दिवसांपूर्वी इथेच, याच सुमाराला, एका म्हाताऱ्याच्या गाडीने डेल्फिन रस्कला उडवलं होतं. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणं हे डेल्फिनचं काम. त्या क्षणी तिच्या हाताला कुणी मूल नव्हतं, एवढंच नशीब. खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि ती अजून इस्पितळातच होती.

व्हर्ना महापालिकेच्या वाहतूक खात्यात इंजिनिअर होती. शहरातल्या जुन्या चौकांत आठ इंची दिवे होते. आता नवे बसवायचे ते बारा इंची. पण जुने चालताहेत तोवर राहू द्यायला नियमाची हरकत नव्हती, आणि सगळे एकदम बदलणं खात्याला झेपणारं नव्हतं. चार वर्षांपूर्वी कुठले आधी बदलायचे याची यादी व्हर्नाने केली. कॉस्टरच्या चौकापुढे तिने लिहिलं होतं, ‘वेग कमी, तूर्त बदल नको’, आणि खाली सही. तो चौक तिने तेव्हा दुपारी तीन वाजता पाहिला होता.

अपघाताच्या दिवसापासून तिला जेवण जात नव्हतं. त्या सकाळी ती कार्यालयात पोचली तर साहेब, हॉकाडे, तिची वाटच पाहत होता. पोलिसांचा अहवाल आला होता. म्हाताऱ्याने कबूल केलं होतं, की लाल दिवा दिसूनही त्याने गाडी घातली. म्हणजे दिव्याचा प्रश्नच उरला नाही, हॉकाडे म्हणाला. कुणी यादी मागणार नाही, कुणी सही पाहणार नाही.

“सुटलीस बघ,” तो म्हणाला. “आता घरी जा आणि झोप काढ.”

ती घरी गेली नाही. अहवालावरचा म्हाताऱ्याचा पत्ता उतरवून घेतला आणि जबाबाचा एक कोरा फॉर्म पिशवीत टाकून दुपारी निघाली. असा फॉर्म भरून आणायला तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

एमेट टॉलिव्हर ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. वय एकोणऐंशी, इस्त्रीचा सदरा, ताठ पाठ. ती फाटकाशी आली तशी त्याने रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या तिच्या गाडीचा नंबर धडाधड वाचून दाखवला.

“बरोबर?”

“बरोबर.”

त्याने तिला आत नेलं. स्वयंपाकघरात त्याची बायको भांडी घासत होती, आणि लागतो त्यापेक्षा जास्त आवाज करत होती. टॉलिव्हरने फॉर्मकडे पाहिलंसुद्धा नाही.

“लाल होता. ढळढळीत लाल. घाई होती, घातली गाडी. पोलिसांना सांगितलंय तेच लिहा.”

“ऊन समोरून येत होतं ना?”

“बाई, चौतीस वर्षं या शहरात बस चालवलीये मी. उन्हाचं मला काय सांगता?”

व्हर्नाने मान हलवली, दोन ओळी लिहिल्या. मग वर न बघता विचारलं, “घाई कसली होती?”

स्वयंपाकघराच्या दाराकडे त्याने एकदा पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज अगदी खाली आणला.

“मला कसली घाई असणार? दिसलाच नाही. लाल नाही, हिरवा नाही, काहीच नाही.” त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट बसले होते. “माझ्या आईचे डोळे याच वयात गेले. पॉलीनला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं मी मस्तीत गाडी घातली. नऊ दिवस धड बोललेली नाही. नको बोलू दे. पण हे कळलं तर ती खचेल.”

“डॉक्टरकडे गेलात?”

“जायचा धीर होत नाही. ओट्यावर बसतो आणि गाड्यांचे नंबर वाचतो. ते दिसतात. मग तेवढाच कसा दिसला नाही, ते रोज स्वतःला विचारतो.”

व्हर्नाने पेनाला टोपण लावलं. फॉर्म भरला होता, खाली त्याची सही तेवढी हवी होती. ती घेऊन उठलं असतं तर सगळं तिथेच मिटत होतं. तिने फॉर्मची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“मलाही दिसला नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“आज सकाळी त्याच वेळेला तीनदा गेले मी. तुमच्या डोळ्यांना काही झालं असेल तर मला माहीत नाही. पण तो दिवा लहान आहे, आणि त्या वेळी उन्हात तो कुणालाच दिसत नाही.”

टॉलिव्हरने तिच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

“तुम्हाला चष्मा आहे?”

“नाही.”

आतल्या भांड्यांचा आवाज चालूच होता. म्हातारा खुर्चीच्या हाताला धरून अर्धवट उठला.

“पॉलीन, जरा बाहेर ये.”

ती दारात आली. हात ओले, नवऱ्याकडे नजर नाही.

“परत सांगा, बाई,” तो म्हणाला. “हिला सांगा.”

व्हर्ना उभी राहिली. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, खातं सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगायला लागली, चार वर्षांपूर्वी ती कुठल्या दिवशी, किती वाजता तो चौक पाहायला गेली होती तिथपासून. पॉलीन ऐकता ऐकता नवऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.