वरच्या मजल्याचं वायफाय

कल्पेशने बदलापूरहून नवा राउटर आणला आणि खोक्यासकट तेजस्वीपुढे ठेवला. "कॉम्प्युटर शिकलीयस ना? लाव."

वीज कोसळली त्या संध्याकाळी जुना जळाला होता. तोवर खरवईच्या त्या दुमजली घरात एकच वायफाय चालायचं. वर हे दोघं. खाली मोठे दीर अल्पेश, जाऊ, त्यांची मुलगी जिज्ञासा आणि सासरे चंदर. पण दिवाळीनंतर चिखलोलीच्या जमिनीची वाटणी झाली, रस्त्याकडची बाजू अल्पेशला गेली, आणि भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

तेजस्वीने वायर खोचली. लाल दिवा बराच वेळ लुकलुकला, मग हिरवा झाला. मोबाइलवर सेटिंगचं पान उघडून तिने जुनंच नाव, जुनाच पासवर्ड टाकायला घेतला. म्हणजे घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातील.

"जुना कशाला?" कल्पेश मागून वाकला. "खालच्यांना फुकट वाटत बसू का मी?"

"आणि बाबा?"

"त्यांचा फोन तू जोडून दे. पासवर्ड सांगू नको."

तिने नवा पासवर्ड टाकला. वाईट वाटलं, पण बोट थांबलं नाही. सासऱ्यांचा फोन जोडून दिला. ते बैलगाड्यांच्या शर्यती बघत बसले.

दुसऱ्या दिवशी जिज्ञासा वर आली. नर्सिंगला होती ती, तिचे काही तास ऑनलाइन असत. "काकी, क्लास उघडत नाय. पासवर्ड बदलला का?"

"काकांना विचार," तेजस्वी म्हणाली. मुलगी काय ते समजली आणि खाली मान घालून जिना उतरली.

 दुपारी कल्पेश बाहेर गेल्यावर तेजस्वीने सासऱ्यांना हळूच पासवर्ड सांगितला. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं. तेच तिला हवं होतं, फक्त स्वतःचं नाव मध्ये यायला नको होतं.

रात्री जेवताना कल्पेशने फोनवर राउटरची यादी पाहिली. "जिज्ञासाचा फोन कसा जोडला गेला? कुणी दिला पासवर्ड?"

चंदर रात्रीचं वरच जेवत, ते शेजारीच बसले होते. "मी दिला. माजी नात हाय ती."

"आणि तुम्हाला कुणी सांगितला?"

म्हाताऱ्याने एकदा सुनेकडे पाहिलं. ती भात वाढत राहिली.

"ती टाकत होती तवा बघून ठेवला मी," ते म्हणाले.

"मग काढ दोघांचेही फोन," कल्पेश तेजस्वीला म्हणाला. "आत्ता, माझ्यासमोर."

तिने हात पुसले आणि दोन्ही फोन राउटरवरून ब्लॉक केले. आधी पुतणीचा, मग सासऱ्यांचा. चंदर अर्ध्या ताटावरून उठले.

आठवड्याभरात अल्पेशने स्वतःचं कनेक्शन घेतलं. चंदरनी तिथेही फोन जोडू दिला नाही. कल्पेशचा राग निवल्यावर तेजस्वी खाली गेली. "बाबा, द्या फोन, जोडून देते. ते काही म्हणणार नाहीत आता."

"तो काय म्हनंल त्याचा मना काय नाय," ते म्हणाले. "त्या राती तू एक शबुद बोलली असतीस, तर घेतला असता जोडून."

 ते चप्पल घालून निघून गेले.

शर्यती बघायला ते आता नाक्यावर पानवाल्याकडे बसतात. कुणी विचारलंच तर सांगतात, घरात रेंज नाय.