गुळाचं पोतं

तारेच्या कुंपणाखालून शामलानं हात घातला आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं हळूच पलीकडे सरकवलं, गोपिकाच्या भेंडीच्या बुडाशी. दिवेलागण झाली होती. वीजकेंद्राच्या चिमण्यांवर लाल दिवे लागत होते.

उपाय तिचाच. गुळाच्या वासानं गोगलगाई पोत्याखाली जमतात. सकाळी ऊन चढायच्या आत वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. वेचल्या नाहीत, तर गूळ चाटून झाल्यावर त्या शेजारच्या पाल्यावरच चढतात. शामला वेचणार नव्हती.

कोराडीच्या या कॉलनीत तिचं आयुष्य गेलं. नवरा कवडू कोळशाच्या पाळ्या करून करून अबोल झालेला, लेक हिमानी दूर सासरी. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांसाठी मात्र कॉलनीतल्या तुळसाबाई दरवर्षी तिच्याच दारी येत. तिच्याकडे काही मागायला येणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. यंदा कुहीकडची गोपिका शेजारी राहायला आली. तिनं रोपांभोवती राखेची कडी घातली आणि गोगलगाई वळल्या त्या शामलाच्या वाफ्यांत. पानांची चाळण झाली. कुंपणापलीकडे बघत तुळसाबाई म्हणाल्या, यंदा गोपिकाकडूनच घेईन म्हणते.

तेव्हापासून शामला स्वतःशीच गुणगुणत होती:

दारी लावला दोडका, वेल गेला कुंपणाला
फूल माझ्या अंगणात, फळ माझ्या शेजारणीला

रोज संध्याकाळी पोतं पलीकडे जाई. सकाळी ती ते ओढून घेई, तेव्हा खाली काहीच नसे. चढल्या असतील भेंडीवर, म्हणून ती मान उंच करून बघे. भेंडी टवटवीत. तिच्या दोडक्यालाही कोवळी पानं फुटलेली, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं. तिनं गुळाचा खडा वाढवला.

महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी ती पदराआड चार दोडके घेऊन तुळसाबाईंकडे गेली. गोपिका विळीवर भेंडी चिरत बसली होती. ती सरकून बसली.

"माह्या भेंडीचं कवतिक नका करू, मावशी," ती तुळसाबाईंना म्हणाली. "पावसानं राख वाहून गेली, तं शामलाताईनंच रोज माह्याकडे गुळाचं पोतं टाकलं. कोणाले बोलल्या नाही. मी आपली पहाटे गोगलगाई येचून राहिली. ताईच्या वाफ्यातल्या बी त्यातच येत."

"काहून सांगितलं नाही वं, शामला?" तुळसाबाईंनी विचारलं.

मिठाच्या पाण्यानं चिरलेली गोपिकाची बोटं तेवढी शामलाला दिसत राहिली. तिनं दोडके पुढे ठेवले. ते चिरून त्याच परातीत पडले.

पंगतीत सगळ्या भाज्यांची मिळून एकच भाजी पानात आली. शामलानं बोटानं ढवळून आपल्या दोडक्याची फोड शोधली. कोणती आपली, ते कळेना.

संध्याकाळी तिनं पोतं पुन्हा भिजवलं. सवयीनं कुंपणाशी वाकली, जरा थांबली. मग पोतं आपल्याच वाफ्यात अंथरलं आणि शेजारी मिठाच्या पाण्याचा डबा ठेवला.