सशाच्या पोटातली शाल

इस्त्रीभाऊंच्या लाँड्रीत दिवसभर वाफ असायची, आणि वाफेत माणसाला काय काय दिसतं. काही दिवसांपासून भाऊंना त्यात ताई दिसायची. बोलायची नाही. काउंटरला टेकून नुसती उभी राहायची, आणि भाऊ इस्त्री बाजूला ठेवून बघायला गेले की विरून जायची.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एकटी राहायची. ती गेली त्याच आठवड्यात भाऊंनी तिचं घर आवरायला घेतलं. आवरलं कसलं, धुऊन काढलं! पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणीसुद्धा. दुसऱ्याच्या कपड्यावर डाग दिसला तरी या माणसाला चैन पडत नाही. मग इतकं मोठं दुःख झाल्यावर याला दुसरं काय सुचणार? त्या घरातून मिरी नावाची म्हातारी काळी कुत्री तेवढी भाऊंकडे राहायला आली, आणि तिच्यासोबत तिचा कापडी ससा. ससा इतका कळकट होता, की भाऊंनी तो चिमटीत धरून थेट मशीनमध्ये टाकला. बाहेर आला तो पांढराशुभ्र, साबणाच्या वासाने घमघमत.

मिरीने त्याला एकदा हुंगलं आणि मान फिरवली. त्या दिवसापासून तिने अन्न सोडलं.

चौथ्या दिवशी भाऊ आणि त्यांची बायको तिला ताई न्यायची त्याच प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी मिरीचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, मग ससा उचलून नाकाशी धरला.

"हा कुणी धुतला?"

"मीच की," भाऊ जरा ऐटीतच म्हणाले. "डाग शोधून दाखवा!"

"तिथंच घोटाळा झालाय. ताईंनी हिला एकटं राहायला शिकवलं ते या सशावर. बाहेर जाताना तो हिच्या तोंडात द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘सांभाळ, आलेच मी.’ परत आल्या की ही तो त्यांच्या हातात द्यायची. आता ताई नाहीत, आणि सशाला त्यांचा वासही नाही. हिनं सांभाळायचं तरी काय?"

भाऊंचा चेहरा खर्रकन उतरला.

"त्यांचं न धुतलेलं काही असेल तर बघा," बाई म्हणाल्या. "पण तसंच देऊ नका. धागे गिळले तर आतड्यात अडकतील. सशाच्या पोटात भरा आणि वरून दुहेरी शिवण घाला. हे बटणांचे डोळेही काढून टाका, कधी घशात जातील नेम नाही. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर सलाईन लावू. पण वय झालंय हो तिचं, मी खात्री नाही देत."

रस्त्यात बायको म्हणाली, "न धुतलेलं कुठून आणायचं आता? त्या घरात एक फडकं तरी सोडलंत का तुम्ही?"

काखेत कळसा असलेला माणूस गावाला वळसा घालतो तो ठाऊक नसतं म्हणून. भाऊंना चांगलं ठाऊक होतं.

दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या हिशेबवह्यांच्या मागे, कागदात बांधलेली ताईची शाल होती. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी ती ताईने स्वतः आणून टाकली होती. "सावकाश धू रे, मला काही घाई नाही." तीस वर्षांत भाऊंनी कुणाचा कपडा तीन दिवसांच्या वर ठेवला नव्हता. हा एकच राहिला. रोज दुपारी शटर अर्धं ओढून ते कागदाचा कोपरा उघडत, एक श्वास घेत आणि लगेच मिटत, वास सांडू नये म्हणून. लवंगेचा, डोक्याच्या तेलाचा, थोडा मिरीचाही.

त्या दुपारी त्यांनी शाल टेबलावर पसरली आणि कात्री घेतली. वाफेत ताई येऊन उभी राहिली.

"अर्धीच देतो हं," भाऊ तिला म्हणाले. "अर्धी मला राहू दे."

ताई नुसती बघत राहिली. लहानपणी कुठल्याही वस्तूची वाटणी झाली की मोठा वाटा ती गपचूप यांच्याकडे सरकवायची.

भाऊंनी सशातला जुना कापूस काढला आणि अर्धी शाल कापली. सशाचं पोट भरेना. मग उरलेल्यातली अर्धी कापली. शेवटी रुमालाएवढा तुकडा उरला, तो त्यांनी खिशात घातला, बाहेर काढला, आणि तोही आत दाबून दुहेरी शिवण घातली. डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याचे टाके घातले. ससा थोडा तिरळा झाला.

घरी त्यांनी तो मिरीच्या पुढ्यात ठेवला. ती हलली नाही. मग नाक हललं. ती उठली, सशाच्या पोटात तोंड खुपसून आडवी झाली आणि तशीच झोपली. झोपेत तिचे पाय धावत होते, जणू दूरवरून कुणी हाक मारत होतं. जाग आली तेव्हा ती हळूहळू वाडग्याशी गेली. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

सकाळी भाऊ निघाले तर मिरी दारात, ससा तोंडात धरून, त्यांच्याकडे बघत. भाऊंना शब्द ठाऊक होते. ते तिच्यापुढे खाली बसले.

"सांभाळ, आलोच मी."

दिवसभर वाफेत कुणी आलं नाही. संध्याकाळी त्यांनी दार उघडलं, तर मिरी तिथेच बसलेली होती. तिने लाळेने ओला झालेला ससा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि शेपटी हलवली.

"हात धुऊन या, ताट वाढलंय," आतून बायको म्हणाली.

भाऊंनी तळहात नाकाशी नेला. आणि जन्मात पहिल्यांदा ते हात न धुता जेवायला बसले.