भोंग्याची चाचणी

ऑफिसात तिला सगळे ‘बाई’ म्हणत, कारण दुसऱ्याच्या कामात खोट काढायची तिची हौस शाळेतल्या बाईंसारखीच होती. सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणं हीच तिची नोकरी. हृदयरोग्याच्या उशाशी ठेवायच्या यंत्रात तीन प्रोग्रॅम मिळून काम करत: एक ठोके मोजे, दुसरा त्यांवर नजर ठेवी, तिसरा वेळ आली की भोंगा वाजवी. तिची चाचणी तिघांना सुरू करी, मग ठोके बंद पाडी आणि कोणत्या प्रोग्रॅमकडून काही बिघडल्याची तक्रार येते का ते बघे. तक्रार नाही, म्हणजे पास. गेलं वर्षभर रोज पास.

आज सकाळी नव्या कॉम्प्युटरवर भोंग्याचा प्रोग्रॅम टाकायचाच राहून गेला. चाचणी तरीही पास झाली.

आधी तिला हसू आलं, मग ते ओसरलं. जो तिथे नाहीच, तो तक्रार कुठून करणार? मौन म्हणजे संमती, हा नियम तिनेच लिहिला होता. जगाच्या चुका काढणाऱ्या बाईंनी वर्षभर भोंगा वाजला का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तिने घाईघाईने दोन ओळी बदलल्या. भोंगा वाजल्याचा निरोप आला, तरच पास. मग सगळे प्रोग्रॅम जागेवर ठेवून चाचणी चालवली. नापास. पुन्हा चालवली. नापास. ठोके थांबले की दुसरा प्रोग्रॅम पहिल्याच्या निरोपाची वाट बघत बसून राही, आणि तिसऱ्याला कोणी उठवतच नसे.

तसलंच यंत्र तिच्या वडिलांच्या उशाशी होतं. तिनेच हट्टाने बसवलं होतं, आणि त्यांच्याजवळून न हलणाऱ्या आईला सांगितलं होतं, “आता निर्धास्त हो. काही झालं तर ते ओरडेल.”

तिने घरी फोन लावला. बऱ्याच वेळाने वडिलांनी उचलला.

“बाबा, आई कुठंय?”

“मावशीकडे गेलीय. मीच पाठवलं. किती दिवस डांबून ठेवायचं तिला?”

“फोन ठेवू नका. मी निघालेय. पोचेपर्यंत बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही बोला.” ती जिन्याकडे पळत सुटली.

“तुझं हे यंत्र मात्र गुणी हं,” बाबा म्हणाले. “परवा छातीत जोरात कळ आली, डोळ्यांपुढे अंधार झाला. पण यानं हूं की चूं केलं नाही. म्हटलं, मग घाबरण्यासारखं काही नसणार. म्हणून तर तुम्हा दोघींना बोललो नाही.”